घड्याळाच्या सिलिकॉन पट्ट्यावर कंपूचं नाव कोरायचंय, लेसरसाठी फाइल कशी बनवावी?

वाटाड्या_पुणे

मंडळी, जरा मदत हवीय.

आमच्या ट्रेकच्या कंपूला डिसेंबरात दहा वर्षं होतील. टीशर्ट झाले, कॉफीचे मग झाले, बाटल्याही झाल्या. यंदा टूम निघाली की मनगटी घड्याळाचे पट्टे करायचे. काळे, २२ मिमी रुंद, सिलिकॉनचे, एकूण ४० जोड. लांब पट्ट्यावर कंपूचं नाव आणि शेजारी लिंगाण्याचा सुळका, एका रेघेत काढलेला. बकलाकडच्या आखूड पट्ट्यावर ज्याचं त्याचं नाव.

भाच्याने इलस्ट्रेटरमध्ये डिझाइन करून एसव्हीजी (रेघा-आकारांची) फाइल दिली, मी ती पेठेतल्या एका लेसरवाल्याकडे नेली. नमुना म्हणून एकच पट्टा मारून घेतला, तेवढं शहाणपण केलं म्हणून वाचलो. कारण हातात आलं ते असं: नाव ४० मिमी लांब यायला हवं होतं, आलं ३० मिमी. शिरोरेषेत प्रत्येक अक्षराच्या सांध्यावर बारीक उभी फट, म्हणजे तिथे लेसर लागलाच नाही. सुळका केसाएवढा, चष्मा लावला तर दिसतो. आणि अक्षरं आधी पांढरीशुभ्र दिसत होती, दिवसभर ऑफिसात मिरवली, संध्याकाळी हात धुतले तर गायब! खोबणी आहे, पण काळ्यावर काळी.

लेसरवाला म्हणाला, "साहेब, फाइलच तशी आहे." वाद घालायला मला त्यातलं काही कळत असतं तर ना. फाइलमध्ये नेमकं काय चुकलं असेल?

मजकूर एवढाच आहे: डोंगरदर्या.

खेकडा

डोंगर आणि दर्या दोन्ही? मग कंपू रत्नागिरीचा असणार. पुण्यात दर्या कुठला, फार तर खडकवासला.

(पॉपकॉर्न घेऊन बसलो आहे.)

कोल्हापुरी_लेसर

दादा, "फाइलच तशी आहे" हे वाक्य आमच्याकडं इतक्यांदा निघतं की दुकानाच्या पाटीवर लिहून ठेवावं. माझं ६० वॅटचं सीओटू (कार्बन डायऑक्साइड) लेसर मशीन आहे. ट्रॉफ्या, लाकडी पाट्या, ॲक्रिलिक हे रोजचं, पट्टे अधनंमधनं. तुमचा माणूस खोटं बोलला नाही, पण अर्धंच बोलला. फाइल उघडल्यावर त्याला हे दिसायला पाहिजे होतं आणि मारायच्या आधी एक फोन करायला पाहिजे होता.

सुळक्याचं सांगतो. भाच्यानं रेघ काढली आणि तिला जाडी दिली. स्क्रीनवर ती जाड दिसते, पण लेसर चालवणारं सॉफ्टवेअर, लाइटबर्न असो की आरडीवर्क्स, ते जाडी बघतच नाही. त्याला दिसते रेघेच्या मधोमध जाणारी वाट. मशीन त्या वाटेवरनं एकदा फिरून येतं, संपला विषय. रेघेला पोट द्यावं लागतं. इलस्ट्रेटरमध्ये ‘आउटलाइन स्ट्रोक’, इंकस्केपमध्ये ‘स्ट्रोक टू पाथ’, कोरलड्रॉमध्ये ‘कन्व्हर्ट आउटलाइन टू ऑब्जेक्ट’. मग रेघेला दोन काठ येतात आणि मधली जागा लेसर भरतो.

आणि भाच्याला एक विचारा, काळ्यावर पांढरा आकार ठेवून काही झाकलंय का? कोरलवाले हे सर्रास करतात. पांढरा रंग म्हणजे खोडरबर नव्हे. लेसरला काळं-पांढरं कळत नाही, त्याला फक्त आकाराची कड दिसते. झाकलेला भागसुद्धा तो इमानदारीनं जाळतो. जे नको ते खरोखर कापून टाकायचं.

बाकी पट्टा नक्की सिलिकॉनचाच आहे ना? ‘सिलिकॉन स्ट्रॅप’ म्हणून काहीही विकतात.

मिलीमीटर

४० चे ३० म्हणजे बरोबर पाऊणपट. अशी नेमकी चूक दिसली की मला आनंद होतो, कारण ती चूक हाताची नसून एककाची असते.

एसव्हीजीमध्ये माप पुष्कळदा पिक्सेलमध्ये लिहिलेलं असतं. इलस्ट्रेटर एका इंचाचे ७२ पिक्सेल धरतं. वाचणारं सॉफ्टवेअर ९६ धरत असेल तर ७२ भागिले ९६, म्हणजे ०.७५. तुमचं ४० मिमी तिथेच ३० झालं. जुन्या इंकस्केपमध्ये हाच आकडा ९० होता, २०१७ च्या ०.९२ आवृत्तीपासून ९६ झाला. त्यामुळे जुनी इंकस्केप फाइल नव्यात उघडली की ४० चे ३७.५ होऊ शकतात, आणि ही चूक जास्त वाईट, कारण ती डोळ्याला पटकन कळत नाही. लाइटबर्नच्या सेटिंगमध्ये एसव्हीजी किती डीपीआयने (इंचाला किती ठिपके धरून) वाचायची ते निवडता येतं, पण दुकानदाराने काय निवडलंय ते तुम्हाला कुठे माहीत असतं?

मी स्वतः कोपऱ्यात १० मिमी बाजूचा एक चौकोन ठेवतो, वेगळ्या रंगात. फाइल देताना सांगतो, "हा चौकोन जाळायचा नाही, फक्त मोजायचा. दहा आला तर पुढे जा." दुकानदाराने डीएक्सएफ (दुसऱ्या प्रकारची ड्रॉइंग फाइल) मागितली तर चौकोन दुप्पट महत्त्वाचा, कारण त्यात इंच-मिलीमीटरचा घोळ झाला तर फरक थेट २५.४ पटींचा. तो निदान लपत नाही म्हणा, एकदा माझं नेमप्लेटचं ड्रॉइंग दरवाजाएवढं उघडलं होतं.

अक्षरओळख

खेकडा यांनी विनोदात नेमकी चूक पकडली. वाटाड्या, तुम्ही ‘डोंगरदर्या’ लिहिलं आहे. फाइलमध्येही तसंच असेल तर ४० जणांच्या मनगटावर डोंगर आणि समुद्र येणार. दरीचं अनेकवचन दऱ्या. रफार वेगळा आणि हा अर्धा र वेगळा. इनस्क्रिप्ट कळफलकावर ऱ शिफ्ट-जे वर आहे, त्यानंतर हलन्त, मग य आणि काना. वारी-वाऱ्या, सुरी-सुऱ्या सगळे याच वाटेने जातात. मराठीची ही खास गोष्ट आहे आणि इतर भाषकांनी केलेल्या कितीतरी फॉन्टांत हा अर्धा र नुसता उरकलेला असतो. फॉन्ट निवडताना मी पहिल्यांदा ‘ऱ्या’ टाइप करून बघते.

आता फटींबद्दल. हे इंग्रजीत सहसा घडत नाही, म्हणून लेसरच्या बऱ्याचशा इंग्रजी व्हिडिओत सापडायचं नाही. देवनागरी फॉन्टमध्ये प्रत्येक अक्षराला स्वतःची शिरोरेषा असते. शेजारच्या अक्षराशी सांधा दिसू नये म्हणून ती कडेला किंचित पुढे काढलेली असते, म्हणजे दोन अक्षरांच्या शिरोरेषा जरा एकमेकींवर चढतात. छापताना काळ्यावर काळं पडतं, काही बिघडत नाही. पण मजकुराचे कर्व्ह केले, म्हणजे टाइप केलेल्या अक्षरांचे नुसते आकार केले, की प्रत्येक अक्षर स्वतंत्र बंद आकार होतो, आणि लेसरचं सॉफ्टवेअर भरताना हिशेब करतं तो आत-बाहेरचा. एक कड ओलांडली की आत, दुसरी ओलांडली की बाहेर. जिथे दोन आकार एकमेकांवर चढले तिथे दोन कडा ओलांडल्या जातात, म्हणून ते त्या जागेला ‘बाहेर’ समजतं आणि सोडून देतं. तुमच्या फटी त्याच.

उपाय सोपा आहे. कर्व्ह केल्यावर सगळी अक्षरं निवडून एकजीव करायची. इंकस्केपमध्ये ‘युनियन’, कोरल आणि लाइटबर्नमध्ये ‘वेल्ड’, इलस्ट्रेटरच्या पाथफाइंडरमध्ये ‘युनाइट’. ‘कंबाइन’ नव्हे, कंबाइनने फटी तशाच राहतात. मग नुसत्या कडा दिसतील असा व्ह्यू लावायचा. शब्दाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत शिरोरेषेला छेदणारी एकही उभी रेघ दिसता कामा नये. काना, वेलांटी, मात्रा जिथे शिरोरेषेला भेटतात तिथेही बघायचं. अनुस्वाराचा टिंब मात्र सुटाच राहतो, त्याला ओढून चिकटवू नका.

कोल्हापुरी_लेसर

ताई, पाय कुठं आहेत तुमचे. चार वर्षं झाली, मी ह्या फटी मशीनच्या बेल्टावर ढकलतोय. बेल्टसुद्धा बदलला राव.

निवृत्त_रसायन

धागा आवडला. कोल्हापुरी यांनी विचारलेला प्रश्न मागे पडू नये म्हणून लिहितो. फाइल चुकली तर एक पट्टा वाया जातो, मटेरियल चुकलं तर फुफ्फुस आणि मशीन दोन्ही.

सिलिकॉनच्या साखळीत सिलिकॉन आणि ऑक्सिजन आळीपाळीने असतात. हा बंध साधारण ९ ते १० मायक्रॉनच्या अवरक्त किरणांना जोरात शोषतो आणि सीओटू लेसर असतो १०.६ मायक्रॉनचा. म्हणून रंग कुठलाही असो, पृष्ठभागावरच ऊर्जा शोषली जाते. निळा डायोड लेसर ४५० नॅनोमीटरचा असतो, तिथे मामला पट्ट्यातल्या रंगद्रव्यावर अवलंबून. काळ्यावर उठेल, पांढऱ्यावर बहुधा नाही. वाटाड्या, तुमची पांढरी अक्षरं म्हणजे जळलेल्या सिलिकॉनमधून उरलेली सिलिकाची भुकटी. तो रंग नव्हे, राख आहे. धुतली की जाणारच.

आता नकली सिलिकॉन. पट्टा पीव्हीसीचा असेल तर लेसरखाली हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो, तो दमटपणात मिसळला की हायड्रोक्लोरिक आम्ल. घशालाही वाईट, मशीनच्या रेल्सनाही. चाचणी अशी: तांब्याची जाड तार गॅसच्या ज्योतीत लाल करा, ज्योत रंगहीन होईपर्यंत. गरम तार पट्ट्याच्या आतल्या बाजूला कोपऱ्यात टेकवा आणि परत ज्योतीत धरा. हिरवी ज्योत आली तर क्लोरीन आहे, तो पट्टा लेसरखाली न्यायचा नाही. खिडकी उघडी ठेवून करा, कण अगदी बारीक घ्या. शिवाय कातरलेला तुकडा जाळला तर सिलिकॉन न ठिबकता जळून पांढरट राख सोडतं. टीपीयू (रबरासारखं एक प्लास्टिक) वितळून ठिबकतं आणि तार काढतं.

पण या चाचणीत फ्लोरीन सापडत नाही, आणि भले भले इथेच फसतात. ॲपलचा स्पोर्ट बँड सिलिकॉनचा आहे असं सगळे समजतात. कंपनी स्वतः त्याला फ्लुओरोइलास्टोमर, म्हणजे फ्लोरीन असलेलं रबर म्हणते. ते जळलं तर हायड्रोजन फ्लोराइड निघू शकतो, त्याच्या वाट्याला जाऊ नये. त्याच कंपनीचा सोलो लूप मात्र सिलिकॉनचा आहे. शंका असेल तर सोनाराच्या काट्यावर पट्टा तोला, मोजपात्रात बुडवून आकारमान काढा. सिलिकॉनची घनता १.१ ते १.२ च्या आसपास असते, फ्लुओरोइलास्टोमरची १.८ च्या आसपास. हातालाही तो पट्टा जड लागतो. बकल आणि पिना काढून तोला, नाहीतर आर्किमिडीज रुसेल.

चाफा

सरांना +१. मी न्यू जर्सीत असते, इथल्या लायब्ररीच्या मेकरस्पेसमध्ये (सगळ्यांसाठीच्या कार्यशाळेत) लेसर वापरते. ‘सिलिकॉन’ असं तोंडी सांगितलेलं ते चालवून घेत नाहीत, मटेरियलचा कागद मागतात. आधी राग यायचा.

काळ्यावर काळं दिसण्याबद्दल. तीन वाटा आहेत आणि प्रत्येकीसाठी फाइल वेगळी लागते, म्हणून हे आधी ठरवा.

एक, तसंच ठेवा. काळ्यावर काळी खोबणी तिरप्या उजेडात छान दिसते. पण मग बारीक रेघांचं डिझाइन नको, जाड भरीव अक्षरं हवीत, कारण दिसतो तो चकचकीत आणि खरखरीत यांच्यातला फरक.

दोन, दोन थरांचे पट्टे घ्या. आत एक रंग, वर दुसऱ्या रंगाचा पातळ थर. वरचा जाळला की आतला दिसतो. फाइल सगळ्यात सोपी, पण वरचा थर सगळीकडे सारखा उतरायला हवा. म्हणून दोन आकार एकमेकांवर चढले आणि ते वेगवेगळ्या लेयरवर असले तर फट पडत नाही, उलट तिथे दोनदा जळून खड्डा पडतो.

तीन, रंग भरा. साधा ॲक्रिलिक रंग किंवा नेलपॉलिश सिलिकॉनला धरत नाही, दोन दिवसांत पापुद्रा निघतो. सिलिकॉनला सिलिकॉनच धरतं. रंगद्रव्य घातलेलं आरटीव्ही (खोलीच्या तापमानाला घट्ट होणारं) सिलिकॉन खोबणीत दाबायचं, वरचं जुन्या कार्डाने निपटून काढायचं आणि एक दिवस हात लावायचा नाही. यासाठी रेघ निदान अर्धा मिमी रुंद हवी, नाहीतर निपटताना आतलाही रंग निघून येतो. हे मी रडून शिकले आहे.

वाटाड्या_पुणे

बापरे. मी एका चुकीबद्दल विचारलं होतं, निघाल्या सात.

तारेची चाचणी केली, हिरवं काही आलं नाही. तुकडा जाळला तर पांढरी राख. सोनाराकडे गेलो तर तो म्हणाला, "रबर तोलायला आलात?" पण तोलून दिलं. घरी ग्लासात बुडवून हिशेब केला, १.२ च्या जवळपास आलं. म्हणजे पट्टा सिलिकॉनचा आहे.

अक्षरओळख, भाच्याने मजकूर माझ्या व्हॉट्सॲप मेसेजमधून उचलला होता, म्हणजे ‘दर्या’ हे पाप माझंच. बायको म्हणते, तुम्ही आयुष्यभर असंच लिहिता.

पुढचे प्रश्न. फॉन्ट कुठला? अक्षरं किती मोठी? आणि पट्टा सपाट बसतच नाही, धनुष्यासारखा वाकतो, त्याचं काय?

अक्षरओळख

फॉन्टबद्दल माझं मत ठाम आहे, पटलं नाही तर सोडून द्या. पट्ट्यावर जाड-बारीक फरकाची, बोरूच्या वळणाची अक्षरं नकोत. कागदावर ती सुंदर, पण लेसरचा ठिपकाच ०.१ ते ०.२ मिमीचा आणि सिलिकॉन त्याच्याहून थोडं जास्तच जळतं. बारीक रेघ जेमतेम उरते आणि अक्षराच्या पोटातली मोकळी जागा बुजते. एकसारख्या जाडीचा फॉन्ट घ्या. मुंबईच्या एक टाइपचा मुक्त फुकट आहे, त्यात हलक्यापासून ठळकपर्यंत सात वजनं आहेत. मी मध्यम किंवा सेमीबोल्ड घेईन. अगदी ठळक घेऊ नका, त्यात पोटं आधीच लहान असतात. गोलसर हवा असेल तर त्यांचाच बलू.

आकार मोजताना अक्षराची उंची म्हणजे शिरोरेषेपासून पायापर्यंत एवढीच धरा. ‘डों’वर मात्रा आणि अनुस्वार आहेत, ते वर जागा खातात. कुणाच्या नावात उकार असेल तर तो खाली. शिरोरेषेखाली ५ मिमी घेतलंत तर सगळं मिळून ८-९ होतं. २२ मिमीचा पट्टा पुढे निमुळता होतो, कडेला गोलाई असते, भोकांच्या आसपास जागा नसते. हातात खरी उंची १२-१३ मिमीच धरा. सगळ्यात बारीक रेघ ०.४ मिमी, दोन रेघांमधली सगळ्यात अरुंद जागाही तेवढीच. तुमच्या शब्दात ‘ऱ्या’मधली छोटी कोयरी सगळ्यात नाजूक आहे. ती कर्व्ह केल्यावर हाताने थोडी जाड केलीत तरी चालेल. मी करते, कुणाला सांगत नाही.

आणि आखूड पट्ट्यावर नावं आहेत ना? यादीत शैलेश, शीतल, अमोल असतील तर ल आणि श तपासा. पुष्कळ फॉन्टमध्ये पहिल्यांदा हिंदी वळणाचे ल-श येतात. मराठी वळण आत दडलेलं असतं, पण मजकुराची भाषा मराठी आहे हे सॉफ्टवेअरला सांगितल्याशिवाय बाहेर येत नाही. टिरो देवनागरीची मराठीसाठी वेगळी आवृत्तीच आहे, पण त्यात जाड-बारीक फरक आहे, तुमच्या कामाचा नाही.

जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये मजकूर असेल तर कर्व्ह न करता फाइल देऊ नका. समोरच्याकडे तो फॉन्ट नसला की ‘डोंगर’च्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. आणि एकदा कर्व्ह केलं की स्पेलिंग सुधारता येत नाही, म्हणून मजकूर असलेली मूळ फाइल वेगळी ठेवायचीच.

मिलीमीटर

वाकण्याचं काम जिगचं, म्हणजे पट्टा जागेवर सपाट धरणाऱ्या साच्याचं, आणि जिगसुद्धा फाइलमध्येच राहते.

पट्टा फ्लॅटबेड स्कॅनरवर ३०० डीपीआयला स्कॅन करा, शेजारी स्टीलची पट्टी ठेवून. वरून जड पुस्तक ठेवा म्हणजे सपाट बसेल. ते चित्र इंकस्केपमध्ये घ्या, स्टीलच्या पट्टीवरून माप जुळवा आणि पट्ट्याची कड हाताने गिरवा. ऑटो-ट्रेस नको, तो रेघेवर शेकडो नोड (बिंदू) करतो. निमुळतेपणा तीन जागी व्हर्नियरने मोजून पडताळा. मोबाइलच्या फोटोवरून करू नका, भिंगामुळे कडा वाकतात आणि एका टोकाला २ मिमीची चूक सहज येते.

ही कड बाहेरच्या बाजूला ०.२ मिमी फुगवून ३ मिमी एमडीएफच्या (दाबलेल्या लाकडी भुशाच्या) फळीतून कापून घ्या. झाली खाच. तीच कड आणि तिच्या आत बसवलेला मजकूर एकाच फाइलमध्ये असला की मशीनचा शून्यबिंदू एकदा लावायचा, मग पट्टे बदलत राहायचे. जिगसाठी सनबोर्ड आणू नका. पुण्यात प्रोजेक्टवाल्यांना सनबोर्ड फार प्रिय, पण तो फोम पीव्हीसीचा असतो, सरांनी वर सांगितलेलंच तिथेही लागू. पट्टा दाबून ठेवायला मी त्याच्याच भोकांतून खिळे घालतो आणि टोकाला दुहेरी टेप. मास्किंग टेप सिलिकॉनला चिकटत नाही.

रंग वाटून द्या. कोरायचं ते काळं, जिगची कड लाल, मापाचा चौकोन निळा. लाइटबर्नमध्ये न जळणारे टी१ आणि टी२ असे दोन टूल लेयर आहेत, कड त्यावर टाकली की दिसते पण जळत नाही.

कोल्हापुरी_लेसर

ह्यात माझी एक भर. पट्टा मशीनमध्ये आडवा ठेवा, म्हणजे लेसरचं डोकं ज्या दिशेनं पळतं त्या दिशेत लांबी. डोकं ०.१ मिमीनं एकेक ओळ सरकतं. ८ मिमी उंचीच्या मजकुराला ८० ओळी. पट्टा उभा ठेवला तर ४० मिमीला ४०० ओळी, आणि प्रत्येक ओळीला डोकं थांबून उलटं वळणार. आठ पट्टे एका जिगमध्ये ठेवले की पोरगं चहा पिऊन येतंय तोवर झालं.

४० फाइली नका पाठवू बाबा. आठ खाचांची एक जिग, पाच फाइली, प्रत्येकीत आठ नावं, खाचेला क्रमांक. आणि व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवू नका, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. फोटोचा चुरा होतो.

पॉवरचं विचाराल तर माझ्याकडं ३०० च्या स्पीडला १८ टक्के, दोन हलके पास (फेऱ्या). एकाच खोल पासात कड करपते. पण हा आकडा माझ्या मशीनचा, दुसऱ्याच्या मशीनवर चिकटवू नका. नमुन्याच्या पट्ट्याच्या पाठीवर चार-पाच चौकोन वेगवेगळ्या पॉवरला मारून बघा. एक्झॉस्ट चालू पाहिजे. झाल्यावर भांड्याचा साबण आणि जुना टूथब्रश. धुवून मग बघायचं, राखेसकट बघून खूश व्हायचं नाही.

खेकडा

एक खराच प्रश्न. नाव कुठल्या बाजूने वाचता आलं पाहिजे?

मिलीमीटर

खेकडा यांचा हा पहिला कामाचा प्रतिसाद, पण प्रश्न खासा आहे.

डाव्या मनगटावर घड्याळ असेल तर ३ चा आकडा पंजाकडे आणि ९ चा कोपराकडे. सहाच्या बाजूचा, म्हणजे भोकांचा पट्टा अंगठ्याकडून खाली जातो, तो घालणाऱ्याला दिसतो. बाराच्या बाजूचा, बकलाचा पट्टा करंगळीकडून जातो, तो इतरांना दिसतो. अक्षरांचं डोकं ९ कडे ठेवलं तर हात खाली सोडलेला असताना समोरच्याला सरळ वाचता येतं. डोकं ३ कडे ठेवलं तर पंजा वर असताना, म्हणजे काठी धरली किंवा दोर धरला की सरळ दिसतं. ट्रेकवाल्यांनी काय ते ठरवावं. पण दोन्ही पट्ट्यांची डोकी एकाच दिशेला हवीत. एक पट्टा फाइलमध्ये उलटा पडला की पट्टे जोडल्यावरच कळतं.

चाफा

वाखुसा (वाचनखूण साठवली). मुलाच्या सॉकर टीमसाठी हेच करायचंय, डोकं कुठल्या बाजूला याचा विचारच केला नव्हता.

वाटाड्या_पुणे

तीन आठवड्यांनी परत आलो. काम झालं.

भाचा आणि मी दोन रात्री बसलो. मजकूर मुक्त सेमीबोल्डमध्ये नव्याने टाइप केला, ‘ऱ्या’ तीनदा तपासला, बायकोकडून सही घेतली. कर्व्ह, मग युनाइट. कडांचा व्ह्यू लावला तर ‘ग’ आणि ‘र’मध्ये एक उभी रेघ तरी उरलीच होती. मोठं करून पाहिलं तर ती दोन अक्षरं एकमेकांवर चढलीच नव्हती, केसाएवढं अंतर होतं, त्यामुळे जोडली गेली नव्हती. ‘र’ किंचित डावीकडे सरकवून परत युनाइट केलं. सुळक्याच्या रेघेला पोट दिलं, ०.६ मिमी. रंग भरायच्या भानगडीत पडलो नाही, दोन थरांचे पट्टे मिळाले, वर काळा आणि आत भगवट नारिंगी. त्याही पट्ट्यांची तार आणि राख केली. दुकानदाराने इतका वेळ कुणी पट्टा तपासताना पाहिला नव्हता.

लेसरवाला तोच. त्याला दहाचा चौकोन दाखवला, त्याने मोजला, दहा आला. मग त्यानेच विचारलं की शिरोरेषा जोडली कशी, त्याच्याकडच्या लग्नाच्या पाट्यांना पण फटी पडतात म्हणे. ह्या धाग्याची लिंक दिली आहे.

एकच गोम राहिली. आम्ही डोकं ३ कडे ठेवलं, काठी धरल्यावर सरळ दिसावं म्हणून. ३९ जण खूश. चाळिसावा डावखुरा, घड्याळ उजव्या हातात घालतो. त्याचं नाव उलटं!

मिलीमीटर

उजव्या मनगटावर ३ कोपराकडे जातो. लिहायला हवं होतं, राहून गेलं. क्षमस्व.

कोल्हापुरी_लेसर

एक जोड जास्तीचा घेतला होता का?

वाटाड्या_पुणे

दोन घेतले होते. त्याची खाच पाच नंबरच्या फाइलमध्ये आहे, मजकूर १८० अंशात फिरवून उद्या नेतो.

खेकडा

फिरवताना ‘दर्या’ करून द्या, त्याला एकट्याला समुद्र.